सासरच्या उसात कॅमेरा

फोटो बिघडला तर डिलीट करता येतो. किस्सा डिलीट होत नाही, उलट चहाच्या टपरीवर दर रविवारी थोडा फुगतो! आमच्या ग्रुपचं हेच झालंय. ग्रुप म्हणजे तिघं. मी शहाद्यातला शाळामास्तर, दिनूनाना कळसाडीचे कापूसवाले शेतकरी, आणि रफिकभाईंचा तळोद्यात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. जंगली जनावरांचे ‘ॲक्शन’ फोटो शिकायचं खूळ तिघांना एकदमच लागलं.

उन्हाळ्याआधी वाचनालयाच्या हॉलमध्ये ग्रुपचं प्रदर्शन लावायचं ठरलं. अट एकच, फोटोतला जीव पळता किंवा उडता हवा. बायकोने हे ब्राह्मणपुरीला माहेरी कळवलं आणि सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, पारावर जाहीर करून टाकलं, “आमना जवाईना फोटो हॉलमा लागनार शे!”

झालं! आता फोटो नाही निघाला तर माझ्याबरोबर आबांचंही नाक कापलं जाणार होतं.

*

नानांच्या ट्रॅक्टरमागे बगळे जमतात. म्हटलं, सुरुवात सोपी. रफिकभाईंनी शटर स्पीड वाढवायला सांगितला होता, मी चाक उलटं फिरवलं. घरी येऊन पाहतो तर बगळे नाहीतच, नुसते पांढरे फराटे!

नानांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. “सर, ह्या बगळाच शेतस, का धुकं पडेल शे?”

*

रफिकभाई आमचे गुरू, त्यांच्यावर हसू नये. पण एकदा कालव्याकाठी खंड्या पक्षी पाण्यात सूर मारायच्या बेतात होता. आम्ही गवतात पालथे, श्वास रोखलेले. भाईंनी फोकस लावला आणि स्टुडिओच्या सवयीने खणखणीत आवाजात म्हणाले, “इकडे बघा... रेडी!”

खंड्या भुर्र!

“भाई,” नाना गवतातूनच म्हणाले, “नवरदेव पयी गया!”

आपल्यासारखंच गुरूंचंही होतं, हे पाहून मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

*

ऑनलाइन मागवलेलं चट्ट्यापट्ट्यांचं हिरवं जॅकेट घालून ज्वारीत दबा धरून बसलो होतो. पोपटांचा थवा उतरला. मी हळूच डोकं वर काढलं आणि कानाजवळून दगड सणसणत गेला! माळ्यावर पाखरं राखणारी बाई गोफणीत दुसरा दगड भरत होती.

“मावशी, मारू नका! मी सर शे, शायना सर!”

“सर शे ते शायमा बठ ना!”

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर बातमी आधीच पोचलेली, पोरं माना खाली घालून हसत होती. मी फळा पुसत राहिलो.

*

दिवाळीत सासरी टीव्हीला कॅमेरा जोडला. घार झडप घालताना मी बटण दाबूनच धरलं होतं, म्हणजे एकामागून एक फोटो. सगळं घर समोर बसलेलं. पहिल्या फोटोत विजेची तार. दुसऱ्यात तार. तिसऱ्यातही तार! कॅमेऱ्याने फोकस तारेवर धरलेला आणि मागे घारीचा नुसता डाग.

“जिजाजी,” मेहुणी म्हणाली, “पुढला फोटोमा तरी पक्षी शे ना?”

आबांनी चिवड्याची ताटली माझ्याकडे सरकवली. मी टीव्हीतून वायर काढली.

*

मग आबांचाच फोन आला. “जवाईबापू, आमना ऊस तोडाले लाग्या. कॅमेरा लई या!”

ऊसतोडीत शेवटचा पट्टा उरला की आत दडलेली जनावरं एकदम बाहेर पडतात. यापेक्षा मोठी संधी कुठली? रफिकभाईंना घेऊन गेलो. बांधावर माझ्यासाठी खुर्ची, खुर्चीवर नवा टॉवेल आणि मागे अख्खी सासुरवाडी उभी. कुणीतरी पुटपुटलं, “बिबट्या ऱ्हाई का?” आमच्या भागात हा विनोद नसतो.

कोयते थांबले. ऊस हलला. काहीतरी तपकिरी उसळून बाहेर आलं.

“काढा, जवाईबापू, काढा!” आबा ओरडले.

मी पळालो! खुर्ची पाडली, पाटाचं पाणी ओलांडलं आणि पलीकडच्या कापसात जाऊन थांबलो. वळून पाहिलं तर एक ससा विरुद्ध दिशेने चालला होता. कुणीही हसलं नाही. जावयाला हसायचं नसतं ना! बायको तेवढी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती. मला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी काढलेला एकही फोटो भिंतीवर नव्हता. मागच्या दाराने आत शिरलो तर मधल्या भिंतीसमोर ही गर्दी! फोटो रफिकभाईंनी काढलेला. लग्नाचे फोटोग्राफर ते, गडबड झाली की त्यांचा कॅमेरा आपोआप जावयाकडे वळतो. फोटोत मी होतो. दोन्ही पाय हवेत, तोंड वासलेलं, चिखलाचा थेंबन् थेंब स्पष्ट. ससा मागे पुसट.

मी सटकणार, तेवढ्यात दारात जीप थांबली. धुतलेली टोपी घालून आबा उतरले, मागे निम्मी ब्राह्मणपुरी.

“आबा, तुम्हना जवाईना फोटो कोनता?” कुणीतरी विचारलं.

आबा थेट मधल्या भिंतीजवळ गेले. मी खांबाआड.

मग आबांनी टोपी सारखी केली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “फोटो त्या भाईना शे. पन त्यामा जो पयी ऱ्हायना, तो मन्हा जवाई शे!”