बकरीच्या कातड्याला एक टाका

ईडन प्रेरीहून निघतानाच माझ्या मुलानं, मंदारनं, बजावलं, "आई, जत्रा आहे, पण आपल्याकडची नाही. सगळे मध्ययुगातले कपडे घालून फिरत असतात. घाबरू नकोस." मिनेसोटातल्या मक्याच्या शेतांमधून तासभर गाडी पळाली. सोबत माझी बारा वर्षांची नात इरा आणि शेजारच्या सुलभाताई. त्या पुण्याच्या, माझ्यासारख्याच मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या.

गेटवर चिलखतातल्या सरदारानं कार्ड स्वाइप करून तिकिटं दिली. मंदार ऑफिसच्या कॉलसाठी गाडीतच थांबला. आत बटरमध्ये बुचकळलेली कणसं मिळत होती. सुलभाताईंनी पर्समधून तिखटमिठाची पुडी काढली, तेव्हा कुठे त्या कणसाला चव आली.

पुढच्या मांडवात जाडाभरडा अंगरखा घातलेला एक दाढीवाला होता. तीन काठ्यांच्या तिकाटण्याला त्यानं बकरीचं अख्खं कातडं पिशवीसारखं शिवून टांगलं होतं. आत सुमाक नावाच्या झुडपाच्या पाल्याचं पाणी. मध्ययुगात युरोपात बकरीची कातडी अशीही कमावत, त्यांचे बूट होत, पोथ्यांना बांधणी होई, असं तो रंगून सांगत होता.

"शी! कसं सहन करतात हो हा वास?" सुलभाताईंनी नाकाला रुमाल लावला. मीही ओढणी लावली. खरं सांगते, निव्वळ नाटक! तो वास माझ्या चांगल्या ओळखीचा होता. कोल्हापुरात माझे वडील, अण्णा, कातडीच कमावायचे. पण मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले तरी मी लोकांना "वडिलांचा व्यापार होता" एवढंच सांगायचे. इरालाही तेवढंच ठाऊक.

इतक्यात पिशवीची शिवण उसवली आणि तपकिरी पाण्याची धार थेट सुलभाताईंच्या नव्याकोऱ्या बुटांवर! दाढीवाल्यानं दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरली. "अर्धवट कमावलेलं कातडं वाया जाणार. महिन्याची मेहनत!" तो रडकुंडीला आला.

मी ओढणी कमरेला खोचली. "इरा, खालून उचलून धर! घट्ट!" त्याची आरी आणि मेणाचा दोरा घेतला, कडा दुमडली आणि दुहेरी टाके घालत गेले. धार थांबली.

"मॅम, हे कुठं शिकलात?"

"माय फादर," मी म्हटलं. मग सुलभाताईंकडे वळले. "माझे वडील कातडी कमावायचे. बाभळीची साल, हिरडा घालून. अशा पिशव्या आमच्या अंगणात टांगलेल्या असायच्या."

त्यांचा रुमाल खाली आला. "अहो लताताई, आधी नाही का सांगायचं? मी मघाशी काय बोलून बसले!"

"आजी, दॅट्स सो कूल! मला का नाही सांगितलं?" इरानं विचारलं. मी घाईनं आरी आणि दोरा दाढीवाल्याच्या हातात दिला.

परतताना इरा माझ्याजवळ बसली. साबणानं तीनदा धुऊनही माझे हात तपकिरीच होते. सातवीत मी पहिली आले, तेव्हा अण्णा बक्षीस समारंभाला निघाले होते. हातांना वास येतो म्हणून मी त्यांना दारातूनच परत फिरवलं. ते पुन्हा कातड्यांपाशी जाऊन बसले.

इरानं माझा हात नाकाशी नेला. "ईऽऽ, आजी, इट स्टिंक्स!" ती खळखळून हसली आणि तोच हात गालाखाली घेऊन घर येईपर्यंत गाढ झोपली. अण्णांचा हात मी असा एकदाही धरला नव्हता.