चाकं पाण्यात, इंजिन चालू

सगळी वस्ती त्याला डिझेल म्हणायची, आणि कौतुकाने मुळीच नाही. कपड्यांना, हातांना, उशीच्या अभ्र्यालासुद्धा तोच वास. "माझ्याकडे कधी बघितलं नाहीत तेवढं त्या धुडाकडे बघता," बायको म्हणायची. धूड म्हणजे त्याची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप. दार दोरीने बांधलेलं, बॉनेटला गंज, चढ लागला की काळा धूर. पण किनाऱ्यावर धक्का नव्हता. होडी जीपमागे जोडलेल्या गाड्यावर घालून रोज पाण्यात सोडायची, रोज वर ओढायची, आणि ओल्या वाळूत ते काम करायला ते धूडच लागायचं.

डिझेल चाकांतली हवा कमी करायचा, गाडा उलटा पाण्यात घालायचा, होडी तरंगली की हळूहळू वर यायचा. घरी आल्यावर जीपच्या पोटाखाली आडवा पडून गोड्या पाण्याने सगळं खारं धुऊन काढायचा. एक नियम त्याने कधी मोडला नाही. मागची चाकं पाण्यात असताना इंजिन बंद करायचं नाही. इंजिन चालू असतं तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलतो. बंद केलं की सायलेन्सरमधून पाणी आत शिरतं. त्यात जीपचा सेल्फ म्हणजे आधीच लहरी कारभार.

ही जीप वाटणीत आलेली. वडील गेल्यावर थोरल्याने होडी घेतली आणि जीप धाकट्याच्या गळ्यात पडली. त्या दिवशी दोघं भाऊ बोलू नये ते बोलले, आणि मग बोलणंच टाकलं. पण जीपशिवाय होडी हलेना. म्हणून रोज सकाळी थोरला गाड्यापाशी उभा राहायचा. हात वर केला की मागे घे, पत्र्यावर थाप मारली की थांब. वर्षानुवर्षं एवढंच. खोटं कशाला बोला, डिझेलला त्यातही समाधान होतं. आपल्यावाचून भावाचं पान हलत नाही, या एका गोष्टीवर तो ताठ मानेने वावरत होता. आज ना उद्या दादा बोलेल, हेही मनात धरून होता.

"ते तुम्हाला फुकटचा बैल समजतात," बायको म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

आणि एका सकाळी थोरला खरंच बोलला. होडी तरंगली, तरी तो तिच्यात चढला नाही. गुडघाभर पाण्यातून जीपच्या खिडकीशी आला. त्याचे ओठ हलले. इंजिनाच्या घरघरीत एक अक्षर कळेना.

डिझेलचा हात किल्लीकडे गेला. चाकं पाण्यात आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने इंजिन बंद केलं.

"काय म्हणालास, दादा?"

"उद्यापासून येऊ नकोस," थोरला म्हणाला. "ट्रॅक्टर घेतलाय."

डिझेलने मान डोलावली आणि किल्ली फिरवली. सेल्फ कुरकुरला, पुन्हा कुरकुरला आणि गप्प झाला. भरती चढत होती. बघता बघता पाणी सीटला लागलं. भोवती माणसं जमली आणि ज्याला त्याला अक्कल शिकवायची हौस आली. शेवटी थोरल्याने होडीचा नांगर टाकला आणि घरामागे ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला नवाकोरा ट्रॅक्टर आणला. दोर मात्र डिझेलला स्वतःच जीपच्या पुढच्या हुकात अडकवावा लागला. छातीभर अपमान गिळून त्याने तो अडकवला.

जीप वर आली. दारातून, बॉनेटखालून खारं पाणी गळत होतं. आता पोटाखाली आडवं पडून धुण्यात काही अर्थ नव्हता, इंजिन संपलं होतं. ट्रॅक्टरवर बसलेल्या थोरल्याने मागे वळून काहीतरी म्हटलं. ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू आलं नाही. डिझेलने कानामागे तळवा धरला आणि वाट पाहिली.

ट्रॅक्टर कोरड्या वाळूत उभा होता. थोरल्याने तो बंद केला नाही.