घरात कोळंबी नाही

आलिंग एपांग, म्हणजे एपांगबाई, कशालाच भीत नाही, असं गुमाका बंदराच्या धक्क्यावर सगळे म्हणत. वादळात तिच्या खाणावळीचे पत्रे उडून शेजारच्या नारळीत अडकले, तर दुसऱ्या दिवशी उघड्यावर चूल मांडून तिनं भात शिजवला होता. पिऊन आलेल्या एका धिप्पाड खलाशाला तिनं शिव्या देत पार बोटीपर्यंत पिटाळलं होतं. अशी बाई होणाऱ्या जावयाच्या नुसत्या बातमीनं भेदरली, याचं लोकांना हसू येत होतं. लोकांचं काय जातं हसायला.

बातमी फोनवरून आली. मिंदा ही तिची एकुलती एक मुलगी. हॉलंडमध्ये म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची, आणि तिथल्याच योस्त नावाच्या सुताराशी तिचं जमलं होतं. लग्नाआधी त्याला आईच्या हातचं खाऊ घालायचं म्हणून दोघं येणार होती. इथवर सगळं गोड होतं. मग मिंदा आईला म्हणाली, "नानाय, एक लक्षात ठेव. त्याला कोळंबी चालत नाही. खेकडाही नाही."

"आवडत नाही होय? माझ्या हातची खाल्ली की आवडेल."

"आवडीचं नाही ग, नानाय. मरेल तो. अंगभर गांधी उठतात आणि गळा बंद होतो, नळ बंद करावा तसा. लहानपणी एकदा झालंय."

त्या फोननंतर एपांगला चैन पडेना. परदेशी माणसं तिला नवी नव्हती. बेटांवर फिरायला जाणारे गोरे बोट चुकली की तिच्याकडेच जेवत. गिऱ्हाइकानं ओळीनं मांडलेल्या पातेल्यांची झाकणं स्वतः उचलून बघायची आणि बोट दाखवायचं, ही इथली रीत. ते बिचारे झाकण उचलत आणि आत माशाचं डोकं आपल्याकडेच बघतंय असं दिसलं की घाईनं परत ठेवत. आंबट कालवणाच्या पहिल्या घोटाला त्यांचे डोळे मिटत. डुकराचं रक्त घातलेला काळा रस्सा चॉकलेटचा समजून एक पोरगी दोन वाट्या प्यायली होती, आणि एपांगनं ती बोटीत बसेपर्यंत तिला काही कळू दिलं नव्हतं. फार तर काय, उपाशी जातील, एवढंच तिला वाटायचं. पण हा उपाशी जाणार नव्हता. हा तिच्या हातचं खाऊन मरणार होता, आणि मग मिंदानं जन्मात तिचं तोंड पाहिलं नसतं.

तिनं कोळंबी आणणंच बंद केलं. धक्क्यावरच्या खाणावळीत कोळंबी नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकं कुरकुरली. शेवयांत कोळंबी नाही, भोपळ्यात नाही, चिंचेच्या कालवणात नाही. जेवायचं तर जेवा, असं एपांगनं त्यांना सुनावलं. लाकडी डाव तिनं चुलीत घातला, कारण लाकूड वास धरतं आणि वास धरतं ते आणखीही काही धरत असेल. पातेली राखेनं घासली, मग साबणानं घासली, मग चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आली आणि परत घासली. फळीवरच्या मिठाच्या, शिरक्याच्या, बागोओंगच्या बरण्यासुद्धा पुसून काढल्या. तरी झोप येईना. डोळा लागला की ताटावर बसलेला एक उंच माणूस दिसायचा. त्याला तोंड असायचं, पण गळाच नसायचा.

ब्रिहिदा ही मिंदाची धर्ममाता, म्हणजे एपांगची कुमारे. शेजारीच राहायची आणि तिखट बोलायची. ती एक दिवस कोळंबीची भजी घेऊन आली, तर एपांगनं तिला दारातच अडवलं.

"परत ने ते, कुमारे."

"अगं, तुझ्यासाठी आणलीय. त्याला कोण देतंय?"

"माझ्या हाताला लागेल. माझा हात त्याच्या ताटाला लागेल. जा म्हणते ना."

"तो अजून विमानातसुद्धा बसला नाही ग बाई." ब्रिहिदानं दारातच एक भजं तोंडात टाकलं. "आपल्या वेळी जावई दारू किती पितो ते बघत. आता गळा किती उघडतो ते बघायचं."

एपांगला एरवी हसू आलं असतं. आज तिनं दार लावून घेतलं आणि ब्रिहिदा गेल्यावर ती उभी होती त्या जागेवर पाणी ओतलं.

योस्त आला तो दारात वाकूनच. त्यानं एपांगचा हात घेऊन कपाळाला लावला. मिंदानं शिकवलं असणार, पण मनापासून लावला. एपांग त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती, ती बघत होती गळ्याकडे. लांब, लालसर गळा होता, मध्ये मोठा कंठमणी, आणि तो प्रत्येक आवंढ्याला वरखाली व्हायचा.

"त्याला सांग, घरात कोळंबी नाही," ती मिंदाला म्हणाली.

"सांगितलंय, नानाय."

"परत सांग."

मिंदानं परत सांगितलं. एपांग पाणी घेऊन आली तेव्हा तिनं पुन्हा सांगायला लावलं, आणि पंखा त्याच्याकडे वळवताना आणखी एकदा. शेवटी योस्त स्वतःच हसून मान डोलवायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाणावळ गिऱ्हाइकांना बंद होती. घरचीच माणसं जेवायला होती, म्हणजे मिंदा आणि योस्त, ब्रिहिदा, आणि एपांगचा धाकटा भाऊ बुर्सियो, जो धक्क्यावर तीनचाकी चालवायचा. एपांगनं सकाळपासून कोणाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. शिरक्यात शिजवलेली कोंबडी होती, निखाऱ्यावरचा मासा होता, बिंबली घालून आंबट केलेलं डुकराचं कालवण होतं, आणि नारळाच्या दुधात शिजवलेला लाल भोपळा आणि चवळीच्या शेंगा. ब्रिहिदाच्या शेजारी कोणी बसायचं हेसुद्धा तिनंच ठरवलं. कोण जाणे, तिचे हात भज्यांचेच असायचे.

योस्तनं सगळं खाल्लं. कालवणाला डोळे मिटले नाहीत. माशाचं डोकं बुर्सियोनं त्याच्या ताटात ठेवलं, तर तेही त्यानं चोखलं. पण खरा रमला तो भोपळ्यात. एपांग त्याच्या समोर उभी होती, बसलीच नव्हती. त्याचं ताट रिकामं झालेलं पाहून तिनं आणखी वाढलं, तेही भाताच्या डोंगरावर भरघोस. तो तिच्याकडे बघून हसला आणि खायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एपांगला जरा मोकळं वाटलं.

"मला वाटलं होतं, कोळंबीशिवाय भोपळा गुळमट लागणार," ब्रिहिदा बोटं चाटत म्हणाली. "पण चव आहे हो तुझ्या हाताला. काय घातलंस काय ह्यात?"

"काय घालायचंय? रोजचंच," एपांग म्हणाली. "लसूण, कांदा, चमचाभर..."

ती तिथंच थांबली.

चमचाभर बागोओंग. लसूण तांबूस झाला की हात आपोआप त्या बरणीकडे जायचा. आईच्या मागं उभं राहून शिकली होती तेव्हापासून जात होता. सकाळीही गेला. बागोओंग हे तिच्या लेखी मीठ होतं, मिठाशेजारच्या बरणीतलं दुसरं मीठ. कुणी तुला काय चालत नाही असं विचारलं, तर त्यात कोणी मीठ मोजतं का? पण बागोओंग म्हणजे जवळा. किनाऱ्यावरच्या उथळ पाण्यात जाळीनं धरलेला, मीठ लावून महिनोन्महिने मुरवलेला, लगदा झालेला जवळा. त्याला डोळे असतात, मिशा असतात. ज्या बरणीवरचा धूळकणही तिनं पुसून काढला होता, त्या बरणीतच तो भरलेला होता.

योस्त खात होता. त्याचा कान लाल दिसत होता, की तो मुळातच तसा होता?

"चमचाभर काय?" ब्रिहिदानं विचारलं.

एपांग बोलली नाही. त्या वेळी आपण बोललो नाही, हे पुढं ती कधीही विसरू शकली नाही. तिच्या मनात आलं, चमचाभरच तर आहे. वर्षभर मुरलेला आहे, आता त्यात कोळंबीचं काय राहिलं असणार? कदाचित काही होणारही नाही. आणि आत्ता तोंड उघडलं तर? ब्रिहिदाला दारातून हाकललं, घासणी झिजवली, गावाला कोळंबीवाचून ठेवलं, आणि एवढं सगळं करून जवळा घातला तो हिनंच. ही लाज तिला सोसणार नव्हती.

योस्तनं मान खाजवली. मग गालाखाली खाजवलं. चमचा मात्र चालूच होता.

"लाजतोय बघा जावई, कसा लाल झालाय," बुर्सियो म्हणाला आणि सगळे हसले. योस्तही हसला. त्याचा खालचा ओठ नीट हसला नाही.

एपांगनं पुढं होऊन त्याच्या पुढ्यातलं ताट ओढलं. जेवत्या पाहुण्याचं ताट. भात टेबलावर सांडला. त्याच्या हातातला चमचा तिनं हिसकावून घेतला.

"नानाय, काय करतेस?"

"जवळा आहे त्यात," एपांग म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "बागोओंग. मी घातलाय."

मिंदा उठली ती खुर्ची पाडूनच. योस्तची पिशवी आतल्या खोलीत खाटेवर होती. तिच्यातली औषधाची सुई तिनं काढली, टोपण उडवलं आणि विजारीवरूनच त्याच्या मांडीत खुपसून दाबून धरली. तोवर त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते, आणि श्वास घेताना फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता. बुर्सियोनं तीनचाकी दारात आणली. योस्तला आत कोंबलं, मिंदा त्याला धरून बसली, आणि एपांग मागच्या दांडीला धरून लोंबकळत उभी राहिली.

रस्ता अर्धा खणलेला होता. प्रत्येक खड्ड्याला तो आवाज थांबायचा आणि एपांगचं काळीज थांबायचं. मग तो परत सुरू व्हायचा. तिनं देवाकडे काही मागितलं नाही. मागायचं तोंडच नव्हतं. ती नुसती ऐकत होती. आवाज आहे तोवर माणूस आहे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. एकदा आवाज इतका बारीक झाला की मिंदानं त्याच्या तोंडाशी कान नेला. एपांगनं त्या वेळी डोळे मिटून घेतले. लेकीच्या चेहऱ्यावर आता जे दिसेल ते बघायची तिची छाती नव्हती.

दवाखान्यात त्याला नळ्या लावल्या, आणखी सुया टोचल्या. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "खाल्लं काय, आणि किती?"

"भोपळा. त्यात बागोओंग होतं," एपांग म्हणाली. "एकदा खाऊन झाल्यावर मी परत वाढला. पुरे म्हणाला नाही तो."

संध्याकाळ होता होता त्याचा श्वास मोकळा झाला. धोका टळलाय, पण आज इथंच ठेवू, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या. मिंदा बाहेरच्या बाकावर येऊन बसली, आईपासून जरा अंतर ठेवूनच.

"पहिल्याच घासाला जीभ चुरचुरली म्हणाला," ती म्हणाली.

"पहिल्या घासाला?"

"हो."

"मग थांबला का नाही तो? तुला का सांगितलं नाही?"

"तू घरात कोळंबी नाही म्हणून त्याला इतक्यांदा सांगितलंस, नानाय. मी आईसारखी बाई खोटी मानू का, म्हणाला. त्याला वाटलं आपल्यालाच भास होतोय. आणि तू समोर उभी राहून एकेक घास बघत होतीस. परत वाढलंस. तो नको कसा म्हणणार होता तुला?"

इतके दिवस एपांग कोळंबीला भीत होती, ब्रिहिदाच्या हातांना भीत होती, लाकडाच्या डावाला भीत होती. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो तिलाच भ्याला होता, एवढा की जीव गेला तरी चालेल पण ताटात टाकायचं नाही.

नर्सनं पेजेची वाटी आणून दिली. त्यात तांदूळ आणि मीठ आहे, दुसरं काही नाही, हे एपांगनं तिच्याकडून वदवून घेतलं आणि वाटी घेऊन आत गेली. योस्त उशीला टेकून बसला होता. चेहरा अजून सुजलेला होता. तिला पाहून तो उठायला लागला, तर तिनं हातानंच थांबवलं. तिनं चमचा भरून त्याच्या तोंडापुढं धरला. त्यानं वाटीत काय आहे तेही पाहिलं नाही आणि लगेच तोंड उघडलं.

दिवसभरात झालं नव्हतं इतकं भय एपांगला त्या उघड्या तोंडाचं वाटलं. तिनं चमचा मागं घेतला.

"मिंदा, त्याला आयोको म्हणायला शिकव."

मिंदा बघतच राहिली. आयोको म्हणजे नको. ताटावर बसून हा शब्द काढला म्हणून तिनं लहानपणी याच हाताचा मार खाल्ला होता.

"शिकव म्हणते ना."

मिंदानं योस्तला सांगितलं. तो गोंधळून हसला आणि हळूच म्हणाला, "आयोको."

"असं नाही. हसायचं नाही." एपांगनं चमचा परत पुढं धरला. "हं."

"आयोको."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून हे बघत होती. "खाऊ द्या की हो बिचाऱ्याला," ती म्हणाली.

"खाईल. आधी हे येऊ दे."

तिनं चमचा पुन्हा धरला, पुन्हा धरला. तो म्हणत होता, पण प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांत बघून, परवानगी मागितल्यासारखा. एपांगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी मिंदानं त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. मग चमचा जवळ आला तेव्हा तो आयोको म्हणाला आणि तोंड भिंतीकडे फिरवून बसला.

एपांगनं वाटी आणि चमचा त्याच्या हातात दिला, आणि तो खाऊन होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.