पानं झाकून खेळणारे माझे सासरे

मंडळी, आपल्या ई-मेल गटात पोकरचं शहाणपण मीच शिकवतो, म्हणून आजचा पराक्रमही इथंच लिहितो.

दुपारी काष्टीहून सासरे आले. तीन पत्तीत गावात त्यांना तोड नाही. भिंगारच्या नव्या सायबर कॅफेत आम्ही शेजारशेजारच्या संगणकांवर, पण ऑनलाइन पोकरच्या एकाच टेबलावर बसलो. डावात लावायच्या चिप्स फुकटच्या, इज्जत खरी.

मी सगळ्यात कमी चिप्स घेतल्या. ते मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, एवढ्यावरच खेळताय व्हय? माज्या पोरीचं कसं व्हायचं?" सगळा कॅफे हसला.

मग त्यांनी स्क्रीनवरची स्वतःची पानं तळहातानं झाकली. तीन पत्तीत न बघता खेळलं की अर्धीच चाल लागते; इथंही तसंच, असं त्यांना वाटलं.

पोकरमध्ये तशी सूट नसते, हे मी सांगितलं नाही. एक्क्यांची जोडी, राजांची जोडी आली की सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. दुप्पट झाल्या की जिंकलेल्या सांभाळायला उठलो, पुन्हा थोड्याच घेऊन बसलो. चार वेळा. सासरे साफ झाले.

"काय चुकलं माजं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नशीब, मामा."

"उद्या परत बसू. तुमी हाय म्हनून शिकतोय."

खरं लिहा, तुम्ही त्यांना हात काढायला सांगितलं असतं? मी उद्याही सांगणार नाही.