बसून बघणारी शेजारीण

बहरीनमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वसईची एक बाई राहते. कुणाकडेही गेली की ती घरातल्या प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून बघते. दिवसा हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर असते, संध्याकाळी इंटिरियर डिझाइनच्या क्लासला. "बसल्याशिवाय खोली कळत नाही, ताई," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा जाताजाता तिने माझा सोफा भिंतीपासून पुढे ओढला. मी तो परत लोटला नाही.

कोर्सच्या शेवटी बाकीच्यांनी बुदैया भागातल्या व्हिलांची ड्रॉइंग काढली. हिने हॉस्पिटलची वेटिंग रूम काढली. पेशंटना सारखं डॉक्टरांच्या दाराकडे बघत बसावं लागू नये, म्हणून त्यात खुर्च्यांची तोंडं खिडकीकडे वळवली. तेच ड्रॉइंग घेऊन ती हिद्द भागातल्या एका इंटिरियर कंपनीत मुलाखतीला गेली. पंचेचाळिशीत पक्की नोकरी सोडणं मला पटत नव्हतं, आणि मी तसं सांगितलंही होतं.

काल ती आली.

"घेतलं का गं तुला?"

"ट्रेनी म्हणून. हॉस्पिटलात राजीनामा दिला, खलास! बॉस माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिला मॅडम म्हणायचं. आत्तापासूनच सवय करते."

आणि तिने मलाच मॅडम म्हणून हाक मारली. पहिल्यांदा तिला हसू फुटलं. दुसऱ्यांदा मात्र आवाज अगदी नीट लागला.