चिमट्यातलं बोट

माझा दादा मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही. "पाण्यात बुडवलंत आणि वर खोटं बोलताय," असं तोंडावर सांगतो. उरल्या वेळात मोडक्या खेळण्यांतले सुटे भाग काढून काहीबाही बनवत बसायचा. "आज काय दिवे लावताय?" वहिनी विचारायची, आणि तो खरोखरच दिवे लावत असायचा.

वहिनीचं हृदय थकलं. डॉक्टरांनी हात टेकले आणि ती आतल्या खोलीत पलंगाला खिळली. दादा दर पंधरा मिनिटांनी काम टाकून आत डोकवायचा. "आहे हो मी अजून," ती म्हणायची. इकडे इस्त्र्यांचा ढीग साचत चालला.

मग त्याने तो दिवा बनवला. कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला. त्याच्या एका जबड्यात बारीक बल्ब बसवला, दुसऱ्यात उजेड ओळखणारा सुटा भाग. मधे बोट धरलं की प्रत्येक ठोक्याला बोटातून जाणारा उजेड किंचित कमी होतो, तेवढ्यावर वायरीने जोडलेला, दुकानातल्या टेबलावरचा लाल दिवा लुकलुकतो. आठ दिवस ट्यूबलाइटने त्याला छळलं. चिमट्यात कोणाचंही बोट नसताना दिवा आपला थरथरतोय! मी चिमट्यावर काळं कापड शिवून दिलं, तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला.

"म्हणजे माझं काळीज आता इस्त्र्यांच्या शेजारी," वहिनी म्हणाली.

तिला तो दिवा आवडला नाही. "वन्सं, आधी दहादा यायचे. आता दिव्याकडे बघतात नि कामाला लागतात." हे मी दादाला सांगायला हवं होतं. पण बऱ्याच महिन्यांनी तो शीळ घालत होता, म्हणून गप्प बसले.

चिमट्याने वहिनीच्या बोटांवर वळ उठले. एका दुपारी ती म्हणाली, "तुम्ही घाला ना जरा वेळ. त्यांना काय कळतंय?"

मी चिमटा काढला तसा बाहेरून दादा ओरडला, "निसटला का गं?"

"लावला परत!" मी माझ्या बोटात अडकवत म्हटलं. वहिनी तोंडावर हात धरून हसली.

मग तो आमचा रोजचाच खेळ झाला. जेवणं झाली की चिमटा माझ्या बोटात, आणि ती हात मोकळे सोडून झोपायची. "आज ठोका छान आहे हिचा," दादा बाहेरून सांगायचा. "औषध लागू पडतंय."

त्या दिवशी सकाळची शाळेतली कारकुनी उरकून आले, चिमटा घालून खुर्चीत बसले आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. वहिनी भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती. हाक मारली. हात धरला. गार होता, जड होता. बाहेर शीळ चालू होती.

तेव्हाच त्याला हाक मारून खरं सांगायला हवं होतं. मी घाबरले. चिमटा माझ्या बोटातून काढला आणि तिच्या बोटाला लावला.

शीळ थांबली. "निसटला का?" स्टूल पडल्याचा आवाज आला आणि तो आत होता.

भेटायला येईल त्याला तो तेच सांगतो. "दिवा विझला आणि चार पावलांत मी तिच्यापाशी होतो. एकटी नाही गेली ती." लोक डोळे पुसतात. मी पाण्याचे पेले उचलून आत जाते. आतल्या आत मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एकदाच, महिनाभराने, जेवता जेवता त्याने विचारलं, "तिचे हात लगेच इतके गार कसे गं झाले?"

"वहिनीचे हात नेहमीच गार असायचे," मी म्हटलं.

इस्त्रीला नुसता तळहात लावून ती किती वेळापूर्वी बंद केली, हे सांगणारा माणूस तो. हातातला घास खाली ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं.

"हो, असायचे," म्हणाला, आणि ताटात मान घालून जेवू लागला.