परुळेकरबाई आणि नेटक्या चुका

पहिल्याच दिवशी परुळेकरबाईंनी माझ्या कामात खोट काढली. परळच्या आमच्या छोट्या कंपनीत ऑनलाइन प्रोग्रॅमिंग शिकवलं जाई. बाई तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन धडे लिहायला आल्या होत्या. डेटाबेस माझ्याकडे होता. अभ्यासक्रमाचा माइंड मॅप, म्हणजे संकल्पनांचा नकाशा, कसा साठवतो ते मी त्यांना दाखवलं. मधे विषय, त्याला फांद्या, आणि प्रत्येक संकल्पनेच्या वर एकच पालक.

"लूप कळायला व्हेरिएबल लागतो, अटही लागते. मग वर एकच कसा? अरे मेल्या, माणसाला आई नि बाप दोन्ही असतात!"

आठवडाभर खपून मी रचना बदलली. बाई "बरं" एवढंच म्हणाल्या. कौतुक करणं त्यांना जमत नसे.

दुसरा हट्ट विद्यार्थ्यांबाबतचा. प्रत्येकाने आपल्याला समजलेला नकाशा स्वतः काढायचा आणि तो गुणांशेजारी साठवायचा. "चुकलं, एवढंच गुण सांगतात. कुठे चुकलं ते नकाशा सांगतो." कंपनीच्या साहेबांना ते पटेना. "मॅडम, लोक कंटाळून कोर्स सोडतात. काढून टाकू या हे."

त्याच आठवड्यात करी रोडच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला. चाळिशीची, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी. 'लूपचं उदाहरण अकरा वेळा चुकलं. मला डोकं नाही. माझं नाव काढून टाका.' बाईंनी तिचा नकाशा उघडला. व्हेरिएबलपासून लूपपर्यंत, म्हणजे बदलत्या किमतीपासून फेऱ्यांपर्यंत, तिने रेघच ओढली नव्हती. अकराही उत्तरांत किंमत पहिल्या फेरीतलीच राहिली होती. बाईंनी साहेबांसमोरच स्पीकरवर फोन लावला.

"शाळेत बीजगणित चांगलं होतं ना तुमचं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणूनच अडलात. तिथे क्ष पाच ठरला की पाचच. इथे तो दर फेरीला बदलू शकतो."

मग ती म्हणाली, "म्हणजे मी मठ्ठ नाही?"

"मठ्ठ माणूस इतकं नेटकं चुकत नाही, बाई."

बाराव्या वेळी तिचं उत्तर बरोबर आलं. नकाशा वगळण्याचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही.

बाई राहत ती नायगावची चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्या लेकीकडे चिपळूणला गेल्या आणि वर्षाच्या आत वारल्या. बातमी कळली तेव्हा मी ऑफिसात होतो. हातातलं काम संपवूनच उठलो.

आता कुणी चुकलं की त्याला काय येत नाही हे मी आधी बघत नाही. त्याला कोणती बरोबर गोष्ट ठाऊक आहे, जिच्यामुळे तो चुकला, ते शोधतो. ऑफिसात हे जमतं. घरी अजून जड जातं.